जागा दाखवा, मग सही

गयाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्कूटरची मागची सीट पुसत होतो. दुपारी तिला दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं होतं. पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा... गाडी आणू नका आता." एवढंच. मी सीट पुसायची राहिली होती तेवढी पुसली, फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि मग बायकोला हाक मारली. अशी बातमी ऐकली की माणसाच्या हातातलं गळून पडतं म्हणतात. माझ्या हातातलं काही पडलं नाय. ज्याला जसं जमतं तसं तो करतो.

पुढं विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणूस मावत नव्हतं. माईकवर एक माजी नगरसेवक म्हणाले, ताईंनी महापालिकेचं सभागृह दणाणून सोडलं होतं. मी पुढच्याच खुर्चीत होतो. तिथंच उभा राहून बोलणार होतो, पण बायकोनं सदरा धरून खाली बसवलं. म्हणून इथं लिहितो. मी तिसरी शिकलेला माणूस, पण डोळ्यांनी बघितलेलं सांगायला तिसरी पुरते. गयाबाईनं सभागृह कधी दणाणून सोडलं नाय. ती एकदाच उठली, चार वाक्यं बोलली आणि खाली बसली. बाकीचं सगळं काम तिनं माझ्या स्कूटरवर मागं बसून केलं.

ती माझ्या धाकट्या भावाची बायको. माहेर दौलताबादचं. थोरल्या दिराला आमच्याकडं भासरे म्हणतात, आणि भासऱ्यासमोर भावजयीनं डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाय, बाजेवर बसायचं नाय, तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाय, अशी जुनी रीत. आमच्या घरातले भिंतीवरचे देव वडलांच्या काळातच उतरले, ही रीत तेवढी राहून गेली. मला काही सांगायचं असलं की ती हवेला सांगायची. "जेवायला वाढलंय म्हणावं." म्हणावं कुणी, ते ठरलेलं नसायचं. घरात नुसतं मांजर असलं तरी चालायचं. मीही तसाच. "कांदा पाहिजे म्हणावं." भाऊ चितेगावच्या कंपनीत होता. एका संध्याकाळी कामावरून येताना पैठण रोडला ट्रकनं उडवला. पोरगं तेव्हा लहान होतं. गयाबाईनं कुणाकडं हात पसरला नाय. आमच्या वॉर्डातल्या आठवडी बाजारात आमच्या आईशेजारी पोतं अंथरून भाजी विकायला बसली आणि पोरगं शिकवलं.

मग वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पक्षाची माणसं माझ्या ओट्यावर आली, कारण आमच्या गल्लीत माझ्या शब्दाला वजन होतं, अजूनही हाय. त्यांना माझी बायको उभी करायची होती, म्हणजे सही ती करणार आणि कारभार मी. बायको आतूनच म्हणाली, "मला सभेत झोप लागंल. गयाला उभी करा, सगळा बाजार तिला ओळखतो." गयाबाई उभी राहिली आणि निवडून आली. कारभार आपणच करायचा असं मी तोवर धरून चाललो होतो.

थोड्या दिवसांनी महापालिकेचा शिपाई पहिली विषयपत्रिका घेऊन आला. ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी सांगतो. सभेच्या आधी काही दिवस प्रत्येक नगरसेवकाच्या घरी विषयांची छापील पत्रिका येते. सभा चालायची ती त्या पत्रिकेवर. आपल्या वॉर्डाचा विषय त्यात घालायचा असला तर कागदावर प्रस्ताव लिहायचा, खाली सूचक म्हणून आपली सही, आणि अनुमोदक म्हणून दुसऱ्या एका नगरसेवकाची सही. ही दुसरी सही नसली तर तुमचा विषय तुमच्याच खिशात राहतो. पत्रिका छापून गेल्यावर काही घालायचं असलं तर तो ऐनवेळचा विषय. त्यालाही दोन सह्या लागतात, वर महापौरांची परवानगी, आणि तो निघतो सभेच्या अगदी शेवटी, अर्धी माणसं चहाला उठल्यावर. म्हणून तिथं सह्यांची देवघेव चालायची. तू माझ्या कागदावर कर, मी तुझ्या कागदावर करतो. लग्नातल्या आहेरासारखं. कुणी कागद वाचत बसत नव्हतं.

पहिला जो आला तो एक तरणा नगरसेवक होता. ओट्यावर चहा पिला आणि कागद पुढं केला. "ताई, इथं एक सही."

गयाबाई दाराआड उभी. "कशाचं हाय?"

"नाल्यावरचा पूल. आमच्या वॉर्डात."

"नाला कुठंशी येतो?"

"लई लांब हाय ताई, पार तिकडल्या टोकाला. तुम्ही करा सही, पुढं मीबी करीन की तुमच्या कागदावर."

"जागा दाखवा, मग सही."

पोरगा हसला, माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, सांगा की." मी सांगितलं, "सही करून टाका म्हणावं." तर आतून आवाज आला, "स्कूटर काढायला किती वेळ लागतो, विचारा म्हणावं."

स्कूटर निघाली. निळी, इथल्याच कारखान्यात बनलेली, मी घासूनपुसून ठेवलेली. पण भावजय भासऱ्याच्या मागं बसणार कशी? ती पदर ओढून अंगणात उभी, मी किक मारून उभा, गल्ली दारांत उभी. शेवटी माझ्या बायकोनं तोड काढली. गयाबाईची बाजारातली पिशवी, खताच्या पोत्याची शिवलेली, आमच्या दोघांच्या मधी सीटवर ठेवली. पिशवी आडवी पडायला लागली तेव्हा घरात जाऊन कोबीचा एक गड्डा आणला आणि आत टाकला. पिशवी ताठ उभी राहिली. "आता जावा," बायको म्हणाली. त्या दिवसापासून पिशवीत पत्रिका, पाण्याची बाटली आणि एक कोबी, हे ठरूनच गेलं. कोबी सुकला की भाजी व्हायची आणि नवा यायचा.

रस्त्यानंसुद्धा तिचं हवेशीच बोलणं. गाडीवर आम्ही दोघंच, तरी मागून आवाज यायचा, "डावीकडं घ्या म्हणावं." मी म्हणायचो, "सिग्नल हाय, दिसत नाय का म्हणावं." शेजारचा रिक्षावाला आमच्याकडं बघत राहायचा. नाल्यावर पोचलो, तो पोरगा आमच्या आधीच येऊन थांबला होता. तिथं एक बाई भांडी घासत होती. गयाबाई तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली आणि पोरं शाळेला कुठून पलीकडं जातात ते विचारलं. बाईनं राखेचाच हात करून वरच्या अंगाची जागा दाखवली. कागदात पूल खाली होता. पोरग्यानं तिथंच स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून ओळ बदलली आणि गयाबाईनं सही केली. तो खूश झाला. सगळे होत नव्हते.

लतीफभाई नव्हते झाले. जुन्या शहरातले, आमच्या विरुद्ध पक्षातले, पांढरा कुर्ता, पांढरी दाढी, कितीतरी वेळा निवडून आलेले. त्यांना मोहल्ल्याच्या तोंडाशी कमान बांधायची होती. त्यांनी मोठ्या अदबीनं कागद पुढं केला. गयाबाईनं जागा बघितली, तिथल्या बायांना विचारलं. बाया म्हणाल्या, कमान बुटकी झाली तर पाण्याचा टँकर आत येणार नाय. तिनं सही दिली नाय. लतीफभाई रागावले नाहीत, पण दुखावले. म्हणाले, "बाई, दस्तखत यानी राय नइ होती. दस्तखत यानी तहजीब होती."

"तुमची तहजीब चांगलीय भाई," ती म्हणाली, "पण टँकर अडकंल."

अशी तिची ख्याती झाली. सभागृहात तिला पाहणीबाई म्हणायला लागले. लोक तिच्याकडं कागद आणीनासे झाले. एका सहीसाठी अर्धा दिवस कोण घालवणार?

आता तिचा स्वतःचा विषय. तो तिनं निवडून यायच्या आधीपासून मनात धरला होता. आमच्या आठवडी बाजारात बायकांसाठी मुतारी नव्हती. गडीमाणसं मागच्या भिंतीला जायची. बायका कुठं जाणार? शंभर डोळे चारी बाजूंनी. त्यामुळं भाजीवाल्या बाया पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी घरून निघताना घोट घेतला तर घेतला, मग बाजार उठून घरी येईस्तोवर तोंडात थेंब नाय. उन्हाळा असो, अंगात ताप असो, पोटुशी असो. गयाबाईनं अशी कितीक वर्षं काढली. घरातल्या आम्हा गडीमाणसांना त्याचा पत्ता नव्हता. ती मला सांगणार कशी, आणि हवेला तरी सांगणार कशी?

तिनं प्रस्ताव लिहून घेतला, खाली सही केली आणि अनुमोदक शोधायला लागली. कुणी नाय म्हणत नव्हतं. "बघू ताई." "पुढच्या सभेला घेऊ." आमच्याच पक्षातला एक जण तर हसत म्हणाला, "ताई, आमच्या सह्या स्वस्त हायेत, तुमची महाग. सौदा जुळत नाय." एक पत्रिका छापून आली, दुसरी आली, तिसरी आली. बाजारातली मुतारी एकीतही नव्हती.

आमचं यावर भांडण झालं. भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं ती. मी म्हणालो, "दोन सह्या देऊन टाकल्या तर काय बिघडतं म्हणावं? काम आपलं हाय, अडलंय आपलं." पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज आला. "म्हणावं, न बघता सही दिली तर कुणाच्या तरी दारात टँकर अडकतो." मी म्हणालो, "अडकू दे की!"  ती म्हणाली, "त्याबी बायाच असतात म्हणावं... टँकरची वाट बघणाऱ्या." मी तरी माझं सोडलं नाय. आजही माझं म्हणणं तेच हाय. तिनं थोडं वाकून घेतलं असतं तर ते काम लई आधी झालं असतं. माणूस गेलं म्हणून मी मत बदलत नसतो.

चौथी पत्रिकाही घरी आली. त्यातही विषय नव्हता. आता घालायचा तर ऐनवेळचा म्हणूनच. गयाबाई कागद घेऊन लतीफभाईंकडं गेली. मी बाहेर स्कूटरपाशी होतो, पण दार उघडं असल्यानं सगळं ऐकू येत होतं. लतीफभाईंनी कागद वाचला, घडी केली आणि तिच्या हातात परत दिला. "बाई," ते म्हणाले, "पहले जगह दिखाओ." आतली सगळी माणसं हसली. गयाबाई हसली नाय. म्हणाली, "या की. बाजारच्या दिवशी सकाळी या. पण बघायला येऊ नका, बसायला या."

ते आले, खरंच आले. गयाबाईनं तिच्या जुन्या जागेवर, बाजूच्या भाजीवालीला सरकायला लावून, पोतं अंथरलं आणि त्यांना बसवलं. लतीफभाईंना मजा वाटली. लोक सलाम करत होते, ते मेथीची जुडी उचलून भाव सांगत होते. गयाबाईनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. मग चहा. मग लिंबूपाणी, बिनसाखरेचं, कारण त्यांना शुगर होती. "बडी मेहमाननवाजी है भई," ते म्हणाले आणि सगळं पिले. ऊन चढलं तसे ते मांडी बदलायला लागले. पुन्हा बदलली. मग मागच्या भिंतीकडं बघून हळूच उठायला लागले.

"तिकडं नाय भाई," गयाबाई म्हणाली. "तिकडं गडीमाणसं जातात. आज तुम्ही बाई."

"मजाक मत करो बाई."

"मजाक नाय. जागा बघायची म्हणाला ना? अजून बाजार उठायचाय."

आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "बसा बाबा, बसा, सवय व्हईल." लतीफभाई बसले. कपाळावर घाम. मेथीचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकावर खेकसले. त्यांच्या मोहल्ल्यातला कुणी तरी दिसला, त्याच्यापासून तोंड फिरवलं. थोडा वेळ गेला असंल नसंल, ते एकदम ओरडले, "बस्स करो बाई! कागज किधर है? दस्तखत करता मैं, पहले उठने दो!" सही करून ते कुर्ता सावरत जे पळाले... त्या वयात मी त्यांना तसं पळताना पहिल्यांदाच बघितलं. परत आले तेव्हा मात्र हसत नव्हते. पोत्याशेजारी उभे राहिले, त्या म्हातारीकडं बघितलं आणि विचारलं, "अम्मा, आप कबसे बैठते इधर?" म्हातारी म्हणाली, "ह्यो बाजार भरायला लागला तवापासनं."

महापौरांची परवानगी मिळाली आणि सभेच्या दिवशी मी वर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. एका रस्त्याच्या विषयावर सभा एवढी लांबली की सगळ्यांना भूक लागली. शेवटी ऐनवेळचे विषय निघाले आणि माणसं खुर्च्या मागं सारायला लागली. तर लतीफभाई आधीच दारात जाऊन हात आडवा करून उभे. "चाय बाद में, चाय किधर भागके नइ जाती." लोक पुटपुटत बसले. विषय वाचला गेला. मागून कुणी तरी म्हणालं, "भाजीबाजारात मुतारी? भाज्यांना वास लागंल की." हशा झाला. तेव्हा गयाबाई उठली. उठताना डोईवरचा पदर आणखी पुढं ओढला. शेजारची नगरसेविका म्हणाली, "ताई, इथं कोण तुमचं सासरचं?" गयाबाईनं बोटानं वर सज्जाकडं दाखवलं. सगळं सभागृह माझ्याकडं बघायला लागलं. मी ताठ बसलो.

ती म्हणाली, "मी त्या बाजारात बसत होते. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाय, हे मला सासूनं शिकवलं. माझ्या जागेवर उद्या कुणाची तरी सून बसंल. तिला हे शिकवायचं नाय, एवढाच विषय हाय." आणि बसली.

महापौरांनी विचारलं, "जागा कुणी बघितली आहे का?" दारातून लतीफभाई म्हणाले, "बघितली नाय साहेब. मैं बैठके आया हूँ." या वेळी हसणं वेगळं होतं. मग बाकं वाजली, मंजूर, मंजूर. खाली आल्यावर मी स्कूटर काढली, ती मागं बसली, पिशवी मधी.  मागून आवाज आला, "जेवण राहिलंय म्हणावं, घराकडं घ्या."

मुतारी झाली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला जो वेळ लागतो तो लागला, पण झाली. पाणी, दिवा, आतून कडी. पुढं सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आले, घरी पत्रिका यायची बंद झाली. तरी कुणी तरी येऊन म्हणायचं, आमच्याकडं जरा बघून जा, आणि आम्ही जायचो. बघून काय उपयोग, सही तर चालत नाय, असं मी म्हणायचो. "बघायला सही लागत नाय म्हणावं," ती म्हणायची.

मग तिच्या पायावर सूज आली. डॉक्टर म्हणाले किडनी. पाणी न पिता काढलेल्या वर्षांचा आणि याचा काही संबंध हाय का, ते मी विचारलं नाय. विचारून काय करणार होतो? डायलिसिस सुरू झालं. दर खेपेला मीच स्कूटरवरून न्यायचो, रिक्षात तिला हिसके बसायचे. आणि डॉक्टरनं सांगितलं, पाणी मोजून प्यायचं. दिवसाला एवढंच. ते ऐकून ती हसली. त्या दिवशी घरी येताना मागून म्हणाली, "सोय झाली तर आता पाणी बंद म्हणावं."

शेवटच्या खेपेला निघताना ती पिशवी मधी ठेवीना. अंगात ताकद नव्हती, पिशवीला धरून बसणं जमत नव्हतं. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि मागून माझा सदरा मुठीत धरला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "भासरे, बाजारावरून घ्या." म्हणावं नाय, काही नाय. सरळ मला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.  मी म्हणालो, "बरं."

बाजार भरला होता. मी गाडी थांबवली. ती उतरली नाय. तिच्या जुन्या जागेवर एक नवीन पोरगी बसली होती, नुकतं लग्न झालेली असावी, हिरवा चुडा होता. तिनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी पिली. गयाबाई तांब्या खाली ठेवला जाईस्तोवर बघत राहिली. मग म्हणाली, "चला."

परवा आमच्या वॉर्डाची नवीन नगरसेविका घरी आली. आता पुन्हा निवडणूक होऊन सभागृह भरलंय. माझ्या नातीच्या वयाची पोरगी, शिकलेली. भेटायला आली होती, पण हातात कागद होता. म्हणाली, "आजोबा, एकांनी अनुमोदक म्हणून सही मागितलीय. पाइपलाइनचा विषय हाय. सगळे म्हणतात, करून टाक, त्यात काय एवढं. गयाआजी असत्या तर काय केलं असतं?"

मी म्हणालो, "मी असतो तर करून टाकली असती." ती गोंधळली. मी स्कूटर बाहेर काढली. बायकोनं न सांगता पिशवी आणून सीटवर ठेवली. आत कोबी होता, मी हात लावून बघितला. पोरगी म्हणाली, "आजोबा, पिशवी मी हातात धरते की, मला नीट बसता यील."

"राहू दे मधी," मी म्हणालो, आणि किक मारली.